शिवेवरची भाकर

देगलूरच्या स्टँडवर हैदराबादची बस लागली तेव्हा अण्णांनी माझी पत्र्याची पेटी स्वतः टपावर चढवली. मला हातसुद्धा लावू दिला नाही. खाली उतरून धोतराला हात पुसले आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "कुठंबी ऱ्हा बाला, नाव मात्र इथलंच ऱ्हाऊ दे." माय त्यांच्या मागं उभी होती. बस सुटेपर्यंत रडायचं नाही असं तिला घरूनच सांगून आणलं होतं. मी तेव्हा बी.एड. होऊन घरी बसलेला, सगळ्यांच्या डोळ्यांवर आलेला जवान पोरगा. नाव म्हणजे अण्णांच्या लेखी रेशन कार्डावरचं नाव आणि मतदार यादीतलं नाव. ते काढायचं नाही. अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी ते काढलेलं नाही.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय आणि माझ्यासारख्या गाव सोडून निघालेल्यांसाठीही. दोघांपैकी कुणीतरी चिडणार हे मला ठाऊक आहे. चिडा बापडे. मीही चिडतच लिहितोय.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे माझ्या डोक्याचा अंदाज येईल. माझ्या स्कूटरची टाकी अर्ध्याच्या खाली गेली की मला अन्न गोड लागत नाही. हसू नका. घरात खोकल्याचा आवाज आला, टीव्हीवर कुठल्याशा नव्या विषाणूचं नाव ऐकलं, किंवा शाळेच्या गेटवर नुसती नोटीस दिसली, की मी आधी पेट्रोल पंपावर जातो. बायको म्हणते, "टाकी भरून जाणार कुठं आहात?" तोवर मी किल्ली घेऊन जिन्यावर पोचलेला असतो.

हैदराबादेत मी दिलसुखनगरला आलो आणि तिथंच मुरलो. कोचिंग क्लासेसच्या पाट्या, मुलांची हॉस्टेलं, झेरॉक्सची दुकानं, सकाळी इडलीच्या गाड्या. एका खाजगी शाळेत हिंदी आणि गणित शिकवायला लागलो. सुरेखा लग्न होऊन आली, मुक्ता इथंच जन्मली. घराची मालकीण यादम्मा खाली राहते, आम्ही वर. माझ्या बोलण्यात कधी 'हौ' आलं, कधी 'नक्को' आलं, मला कळलंही नाही. मुक्ता तर एका वाक्यात तीन भाषा घालते, आणि मराठी वाचायला दिलं की बोट ठेवून अक्षरं लावत बसते. मी फोनवर बोलायला लागलो की माय म्हणायची, "काय रे बाला, पाहुण्यावानी बोलायलास आता." मी हसायचो. तेव्हा हसायला काही जात नव्हतं.

मग ती साथ आली. शाळा आधी काही दिवसांसाठी बंद झाली, मग पुढच्या सूचनेपर्यंत बंद. पुढची सूचना आलीच नाही, पगार मात्र थांबला. क्लास मोबाईलवर गेले, आणि मोबाईलवर हिंदीला एकच सर पुरतात असा शोध मॅनेजमेंटला लागला. तो एक सर मी नव्हतो. हॉस्टेलं रिकामी झाली म्हणून इडलीवाला गेला, इडलीवाला गेला म्हणून त्याला उडीद डाळ देणारा दुकानदार हाताची घडी घालून बसला. गल्लीतल्या प्रत्येक फाटकावर 'टू-लेट'ची पाटी लटकली. टीव्हीवर मोठमोठी माणसं देशाची अर्थव्यवस्था समजावून सांगत होती. मला ती खिडकीतूनच दिसत होती.

रेशनला गेलो, तर कार्ड महाराष्ट्राचं. वाटप करणाऱ्या पोराने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "ये तो उदर का है ना सर. इदर नै चलता." वॉर्डातल्या एका पुढाऱ्याची माणसं किट वाटत फिरत होती. तांदूळ, तेल, आणि सॅनिटायझरच्या बाटलीवर पुढाऱ्याचा हसरा फोटो. आमच्या फाटकाशी आले. "वोट किदर है सर तुमारा?" मी खरं सांगितलं. हीच माझी खोड. ते पुढच्या फाटकाशी गेले. माणसं भुकेली आहेत की नाहीत हे कुणी विचारत नव्हतं, ती कुठल्या यादीतली भुकेली आहेत हे विचारत होते. सुरेखा म्हणाली, "सासऱ्यांनी नाव तिकडं ठेवायला सांगितलंय ना? मग चला तिकडंच."

आणि खरंच, तिकडं काय कमी होतं? घर होतं, माय होती, वर्षाचे दाणे होते. माझा चुलत भाऊ माधवदादा दर दिवाळीला पाठीवर थाप मारून म्हणायचा, "बाला, तिथं भाड्याच्या खोलीत काय सडायलास? कवाबी ये. गाव तुझंच हाय." फोन केला असता तर कदाचित कळलं असतं. पण स्वतःच्या घरी जायला फोन करून विचारतं का कुणी?

एका पहाटे आम्ही तिघं स्कूटरवर निघालो. मुक्ता पुढं उभी, सुरेखा मागं पिशवी मांडीवर घेऊन. रस्ता इतका मोकळा होता की भीती वाटावी. दोन राज्यांच्या हद्दीवर पोलीस होते, पण त्या भागातली शेतातली वाट मी लहानपणापासून जाणतो. उसाच्या कडेकडेनं स्कूटर ढकलत नेली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आमच्या गावाची शीव दिसली. मुक्ताला मी दाखवलं, ते बघ आजीचं गाव. ती म्हणाली, "नाना, रोडवर झाड पडलंय."

झाड पडलेलं नव्हतं. बाभळीच्या काट्या तोडून, आडव्या टाकून रस्ता बंद केला होता. पलीकडे तोंडाला गमछे बांधलेली माणसं उभी होती आणि सगळ्यांत पुढं माधवदादा. त्यानं मला ओळखलं. ओळखल्यावर त्याचा चेहरा पडला, हे मी शपथेवर सांगतो. हात जोडले त्यानं. "बाला, हैदराबादेहून आलेल्या माणसामुळं शेजारच्या गावात लागण झाली रे. मलाबी लेकरं हाईत. तुझ्या मायला दमा हाय. इचार कर आन् मागं फिर."

मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. सुरेखानं माझा दंड धरून ठेवला होता. मी त्याला म्हणालो, पोरीला तरी घे. तो मान खाली घालून उभा राहिला, पण काटी कुणी उचलली नाही. ज्यांच्याबरोबर मी विहिरीत उड्या मारल्या ती माणसं माझ्याकडे असं बघत होती की मी माझाच हात हुंगून पाहिला.

तेवढ्यात बांधावरून माय आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं. पदर नाकाला लावलेला, धाप लागलेली. ती जवळ आली नाही. वाटेच्या कडेला शेंदूर फासलेला एक धोंडा आहे, त्यावर तिनं फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलं, मागं सरकली आणि म्हणाली, "पोरीला सावलीत बसव." एवढंच. मग दादाच्या पोरांनी तिला धरून नेलं.

फडक्यात भाकरी होत्या, वर चटणी. आता त्या धोंड्याबद्दल सांगायला हवं. तो मरीआईचा धोंडा. जुन्या काळी पटकी आली, देवी आली, की आमच्या गावात मरीआईला शिवेबाहेर घालवायचे आणि त्या धोंड्यावर भाकरीचा निवद ठेवायचे. म्हणजे, बाई, हे खा आणि पुढं जा, गावात येऊ नकोस. मी लहान असताना अण्णांनी असा निवद ठेवलेला पाहिला आहे. ठेवणारा मागं वळूनही बघत नाही. आणि आता माझ्या सख्ख्या आईनं त्याच धोंड्यावर माझी भाकर ठेवली होती.

मी म्हणालो, "खायची नाही. हा निवद आहे." मुक्ता बिचारी भाकरीकडे आणि माझ्याकडे बघत राहिली. सुरेखा भडकली. "निवद असेल नाहीतर अजून काही असेल, लेकरू पहाटेपासून उपाशी आहे," म्हणून तिनं भाकर मोडून मुक्ताच्या हातात दिली. पोरीनं खाल्ली, तिनं खाल्ली. शेवटचा तुकडा माझ्या हातात कोंबला. बाभळीच्या त्या विरळ सावलीत बसून मीही खाल्ला. घशाखाली उतरला खरा, पण अजून कुठंतरी अडकलाय असं वाटतं.

परतताना पेट्रोल संपत आलं. पंप बंद, जिथं उघडे तिथं पोलीस. एका भाजीच्या टेंपोवाल्यानं बाटलीभर दिलं म्हणून आम्ही पोचलो. त्या रस्त्यावर मला पहिल्यांदा कळलं, की आपण जिथून निघालो तिथंही आपलं काही नाही आणि जिथं चाललोय तिथंही नाही. यादम्माही फाटक उघडेल कशावरून? तिलाही वय होतं, तिलाही भीती होतीच. दिवेलागणीला पोचलो तर ती ओट्यावर उभी. नाकाला पदर. मी म्हटलं, झालं.

तिनं आधी झापलं, न सांगता गेलो म्हणून. मग बाहेरच्या नळावर हळद आणि मिठाचं पाणी ठेवलं, तिथंच हातपाय धुवायला लावले, कपडे भिजवायला लावले. हे सगळं ती भीतीनं चार हात लांब उभी राहूनच सांगत होती, मी पाहिलं. आणि मग तिनं फाटक उघडून मुक्ताला म्हटलं, "रा तल्ली, लोपलिकि रा." ये बाळ, आत ये. मुक्ता धावत आत गेली. मी तिथंच, नळाशी बसून, मोठ्यानं रडलो. लाज वाटली नाही.

पुढचे महिने कसे काढले ते विचारू नका. बेगम बाजारातून लाल मिरची, हळद, धणे आणायचे, घरी पुड्या बांधायच्या आणि स्कूटरवरून कॉलनीत विकायच्या. ज्यांच्या पोरांना मी अपूर्णांक शिकवले त्या आया दारात येऊन म्हणायच्या, "सर, मिरची तिखट आहे ना?" सुरुवातीला मी मास्क डोळ्यांपर्यंत ओढायचो. नंतर म्हटलं, मरू दे, मिरचीच विकतोय. एक ड्रॉइंगचे सर आंबे विकत होते, ते भेटले की आम्ही एकमेकांना "गुड मॉर्निंग सर" म्हणायचो आणि पोट धरून हसायचो. हसून झालं की पुन्हा तेच सगळं डोक्यात. शाळा उघडेल का, उघडली तर आपल्याला घेतील का, पोरीचं काय. मायला रोज फोन करायचो. काट्यांबद्दल तीही बोलली नाही, मीही नाही.

आणि मग गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

तुम्ही निघालेले लोक जाणताच. गावची निवडणूक आली की पुण्याला, हैदराबादला, जिथं जिथं गावची मतं गेलीत तिथं गाड्या जातात. माणसांना घरून उचलायचं, चहा-नाष्टा करवत न्यायचं, मत टाकून घ्यायचं. माधवदादाचं पॅनल उभं राहिलं होतं आणि कशावर? काट्यांवर! 'गाव राखलं, गाव राखू' असं बोर्डावर लिहिलेलं, मोबाईलवर फोटो फिरत होते. समोरच्या पॅनलवाले म्हणायचे, यानं स्वतःच्या जावयाला मागच्या वाटेनं आत घेतलं. खरं-खोटं देव जाणे. त्यात शहरांतून नोकऱ्या जाऊन परतलेली पोरं गावात ठाण मांडून बसली होती, त्यांची मतं कुणाकडे जातील हे कुणालाच कळत नव्हतं. एकेका मताला सोन्याचा भाव आला होता. सकाळी सकाळी आमच्या फाटकाशी दादाची जीप उभी. "चल बाला, गावानं बोलावलंय."

सुरेखा खिडकीतूनच म्हणाली, "माझं मत त्या काट्यांतच अडकलंय म्हणावं. काढून घ्या." ती आली नाही. मी गेलो. लाज सोडून गेलो असं म्हणा हवं तर. मायला पाहायचं होतं.

शिवेवर काट्या नव्हत्या. त्या जागी दादाचा हात जोडलेला भला मोठा बोर्ड होता. मी जीप थांबवायला लावली आणि तिथून घरापर्यंत चालत गेलो. माय दारातच उभी होती, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. तुकडा माझ्यावरून ओवाळून लांब टाकला, पायावर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. जेवायला वाढलं. माझं निम्मं जेवण झालं तेव्हा तिनं विचारलं, "त्या दिशी पोरीनं खाल्ली का रे भाकर?"

इतके महिने तिच्या मनात एवढंच होतं. मी म्हणालो, खाल्ली. चटणी तिखट लागली म्हणाली. मग राहवलं नाही, बोलून गेलो. "पण माय, मरीआईच्या धोंड्यावर ठेवलीस?"

तिनं हातातला डाव खाली ठेवला. "तुला वाटलं व्हय, मी तुला निवद दावला?" आणि कपाळावर हात मारून घेतला. "आरं येड्या, सगळीकडं फुफाटा. त्येवढी एकच जागा धुतलेली. मी म्हनलं तिला, आज तुझ्या जागेवर माझं लेकरू जेवनार हाय, तू जरा सरक." मरीआईला सरक म्हणाली! बोलता बोलता तिला धाप लागली, तसा मी ताट सारून तांब्या तिच्या हातात दिला.

मत मी माधवदादालाच दिलं. हो, त्यालाच. माफ केलं म्हणून नाही. मायचा पाण्याचा हंडा दादाची बायको आणून द्यायची, दम लागला की दादाचा मोठा पोरगा तिला मोटरसायकलवर देगलूरला डॉक्टरकडे न्यायचा. मी इथं बसून काय करणार होतो? भीतीनं दिलेलं मत होतं ते. देशात त्या साली किती मतं अशी पडली असतील कोण जाणे.

दादा पडला. अगदी थोडक्यात पडला. आणि गावात कुजबूज सुरू झाली, हैदराबादवाल्यांनी जीप त्याची वापरली आणि बटण दुसऱ्याचं दाबलं, काट्यांचा सूड घेतला. मी दादाला फोन करून शपथा घेतल्या. तो म्हणाला, "असू दे बाला." मशीनमध्ये टाकलेलं मत काढून दाखवता येत नाही. भांडण झालं नाही, कुणी कुणाला शिवी दिली नाही. फक्त मायचा हंडा यायचा बंद झाला.

त्यानंतरची वर्षं मी फोनवर तिच्या शब्दांमधली धाप ऐकण्यात घालवली. "सगळं बरं हाय," ती म्हणायची, आणि 'बरं' आणि 'हाय'च्या मध्ये तिला थांबावं लागायचं. शाळेनं मला परत घेतलं, आधीपेक्षा कमी पगारावर. मिरचीच्या पुड्या अजून चालू आहेत. "इकडं ये" म्हटलं की ती म्हणायची, "तुझ्या अण्णांनी नाव इथं ठीवलंय." यंदा हिवाळ्यात तिला दम्याच्या पंपाशिवाय झोप येईना तेव्हा मी विचारायचं सोडलं आणि जाऊन घेऊनच आलो. बसनं आणलं. हैदराबादेत इमलीबनच्या स्टँडवरून स्कूटरवर मागं बसवून, सावकाश, खड्डे चुकवत. त्या सकाळी पेपरात पुन्हा कुठल्याशा आजाराची बातमी होती. मी पेपर घडी करून सीटखाली टाकला होता.

यादम्मानं फाटक उघडलं. जिना चढताना माय दोनदा बसली. वर आलो तर दार उघडंच, सुरेखा हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभी. जी शिवेत पाय ठेवणार नव्हती तीच. तिनं ओवाळलं, पायावर पाणी घातलं. पण माय उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. पदर नाकाला लावला, एक पाऊल मागं सरकली आणि मला म्हणाली, "बाला, मला खोकला हाय रे. गावाहून आलेय. घरात पोरगी हाय. आत येऊ का?"

तोंडानं एवढा फटकळ मी, मला 'ये' म्हणता येईना. मुक्ता आता माझ्या खांद्याला लागली आहे. ती आतून आली, आजीचा पदर धरलेला हात नाकावरून काढून आपल्या हातात घेतला आणि तिच्या तोंडून मराठी नाही, यादम्माचं तेच आलं: "रा नानम्मा, लोपलिकि रा."

आमचं गाव हद्दीवरचं. मायला तेवढं तेलुगू कळतं. ती आत आली.

त्या दिवशी स्कूटरची टाकी अर्ध्याच्या पार खाली होती. मी पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन भरली, ते सोडा.